लॅक्टोज-फ्री म्हणजे ॲलर्जीचं नव्हे: उरलेला डबा पुढे सरकवण्याआधी

पुण्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझं मेडिकल आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी कोणीतरी काउंटरवर बाळाच्या पावडरचा डबा ठेवून विचारतं, "काका, सोसायटीच्या ग्रुपवर मिळालाय, आमच्या बाळाला चालेल ना?" गेल्या दिवाळीच्या आधी एक आजी अशाच आल्या. नातू चार महिन्यांचा, शीमध्ये रक्ताचे धागे, डॉक्टरांनी दुधाची ॲलर्जी सांगितलेली. हातातला डबा सीलबंद, मुदत भरपूर, वर ठळक अक्षरांत 'लॅक्टोज-फ्री'.

"लॅक्टोज-फ्री काय, ॲलर्जीचं काय, दोन्ही दूध न सोसणाऱ्या बाळांचंच ना?" आजींचा प्रश्न.

नाही. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

साधी फॉर्म्युला पावडर तुम्हाला माहीतच आहे, गाईच्या दुधापासून बनवलेली. त्यात इतर गोष्टींबरोबर एक साखर असते आणि प्रथिनं असतात. साखरेचं नाव लॅक्टोज. प्रथिनं म्हणजे केसिन आणि व्हे. सगळा घोळ या दोन ओळींत आहे. लॅक्टोज-फ्री डब्यातून फक्त साखर काढलेली असते. दुधाची प्रथिनं बहुतेक डब्यांत जशीच्या तशी असतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला बिनगुळाची चिक्की द्यावी, तसा हा प्रकार.

लॅक्टोज न पचणं हा पोटाचा मामला. लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते ही साखर फोडतं. बाळाला जोराचे जुलाब झाले की अस्तर सोलवटतं, विकर कमी पडतं, न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. मग गॅस, फेसाळ आंबट शी, लालबुंद झालेलं बूड. बहुतेक बाळांत हे दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुधारतं. जन्मतःच लॅक्टेज नसलेलं बाळ अत्यंत दुर्मीळ. "आमच्या घरात सगळ्यांनाच दूध बाधतं, म्हणून बाळालाही असणार," हे तर मला ऐकवतच नाही. मोठेपणी लॅक्टेज कमी होणं वेगळं. तान्ह्या बाळाचं पोट लॅक्टोजसाठीच घडलेलं असतं, आईच्या दुधात सुमारे ७ टक्के लॅक्टोज असतं.

आता लक्षात येईल की ग्रुपवर येणारे डबे बहुतेक लॅक्टोज-फ्रीच का असतात. जुलाबानंतर डॉक्टर ते लिहून देतात, घाबरलेले बाबा एकदम तीन आणतात, बाळ पहिल्या डब्यातच बरं होतं. उरलेले दोन फडताळात.

ॲलर्जी हा पोटाचा नाही, शरीराच्या पहारेकऱ्यांचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा मामला. केसिन किंवा व्हेमधलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन त्यांना शत्रू वाटतं. काही बाळांना मिनिटांत गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. काहींना तास-दिवसांनी शीमध्ये रक्त आणि शेंब दिसते, आजींच्या नातवासारखी. पहिल्या प्रकारात थोडंसं दूधही जिवावर बेतू शकतं. इथे साखर काढून उपयोग शून्य. प्रथिनंच इतकी बारीक चिरावी लागतात की पहारेकऱ्यांना ओळखू येऊ नयेत. याला एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड म्हणतात. तेही सोसलं नाही तर प्रथिनांऐवजी त्यांचे सुटे घटक असलेली अमिनो ॲसिडची पावडर, जिच्या एका डब्याचं बिल हजारांत जातं. लोक फुकटाच्या डब्यामागे का धावतात ते मला कळतं. म्हणूनच चीड येते ती देणाऱ्यांची, 'स्पेशल मिल्क पावडर, ॲलर्जी वगैरे बाळांसाठी' असं लिहून मोकळे होणाऱ्यांची. त्या 'वगैरे'त सगळं आलं.

उलट दिशेनेही चालत नाही. काही हायड्रोलाइज्ड पावडरींत लॅक्टोज असतंच. त्यामुळे 'महागाचं आहे म्हणजे सगळ्यालाच चालेल' हेही खोटं. डब्याचा दर्शनी भाग वाचूच नका, मागची घटकांची यादी वाचा. मिल्क सॉलिड्स, केसिन, व्हे यांच्या आधी 'हायड्रोलाइज्ड' शब्द नसेल, तर तो डबा ॲलर्जीच्या बाळाचा नाही. 'पार्शियली हायड्रोलाइज्ड', म्हणजे प्रथिनं अर्धवटच चिरलेली, असेल तरीही नाही.

आईच्या आहाराचंही तेच. आईने दूध-चहा सोडला म्हणून अंगावरच्या दुधातलं लॅक्टोज कमी होत नाही, ते स्तनातच तयार होतं. गाईच्या दुधाची प्रथिनं मात्र आईच्या खाण्यातून थोडी उतरतात, म्हणून ॲलर्जीत डॉक्टर आईला पथ्य सांगतात. बकरीचं दूध हा उपाय नव्हे, गाईचं न सोसणाऱ्या बहुतेक बाळांना तेही सोसत नाही. सोया सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांच्या शब्दाशिवाय नको. एवढं पुरे.

आता उरलेल्या डब्याचं.

सीलबंद असेल तर आधी ज्या दुकानातून घेतलात तिथे बिल घेऊन जा. मी आठ दिवसांपर्यंत परत घेतो, त्यानंतर नाही. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेला डबा मी दुसऱ्या बाळाला विकणार नाही. ग्रुपवर वाटण्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. १९९२च्या शिशुदुग्ध पर्याय कायद्याच्या ५व्या कलमानुसार आईच्या दुधाला पर्याय असलेली पावडर अनाथालयाखेरीज कोणाला दान करता येत नाही. स्वतः विकत घेण्याची ऐपत नसलेल्या, अंगावर पाजू न शकणाऱ्या आईला ती देण्याची मुभा माता-बालकांचं आरोग्य पाहणाऱ्या संस्थांना आहे. कायद्याचा रोख कंपन्यांवर आहे हे खरं, पण शब्द 'कोणीही व्यक्ती' असेच आहेत. ससून रुग्णालयाच्या आवारात सोफोश या संस्थेचं 'श्रीवत्स' हे अनाथ बाळांचं केंद्र आहे. अशा ठिकाणी आधी फोन करून डब्यावरचं पूर्ण नाव वाचून दाखवा. नको म्हणाले तर रागवू नका. तिथल्या बाळांनाही डॉक्टर असतात.

उघडलेला डबा कोणालाच नाही, सख्ख्या भाच्यालाही नाही. पावडर निर्जंतुक नसते, आणि उघडल्यावर साधारण महिन्याभराच्या आत संपवायची असते. लॅक्टोज-फ्री उरली आणि घरात कोणाला दुधाची ॲलर्जी नसेल, तर मोठ्यांच्या शिऱ्यात घाला. हायड्रोलाइज्डच्या भानगडीत पडू नका. झाकण उघडलं की भिजवून विसरलेल्या मटकीसारखा वास येतो, चव कडू. ती ओल्या कचऱ्यात, डबा धुऊन सुक्यात, कचरा वेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंकडे. चमचाही टाका. एका पावडरीचा चमचा दुसरीच्या डब्यात गेला की माप चुकतं, आणि जपून ठेवलेला चमचा हमखास जातोच.

आजींच्या डब्याच्या झाकणावर मी काळ्या मार्करने लिहिलं, 'दुधाची ॲलर्जी: चालणार नाही', आणि ज्यांचा त्यांना परत करा म्हटलं. नातवाच्या चिठ्ठीतला डबा त्या रोखीने घेऊन गेल्या. दहा-बारा दिवसांनी एक तरुण बाबा आला. "काका, हा ग्रुपवर मिळालाय, चालेल ना?" झाकणावर माझंच अक्षर होतं, त्यातलं 'नाही' स्पिरिटने पुसलेलं.