बिनकाट्यांची बाभूळ आणि समुद्राची वाळू

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कुडाच्या भिंती अजूनही कुठेकुठे पाहायला मिळतात. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांनी त्या घट्ट बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपून घ्यायचे, की भिंत तयार होते. १७८८ मध्ये सिडनीच्या बंदरात उतरलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांनीही आपल्या पहिल्या झोपड्या जवळजवळ अशाच बांधल्या. अशा विणलेल्या कुडाला त्यांच्या भाषेत ‘वॉटल’ म्हणत, आणि ज्या झाडांच्या लवचीक फांद्या त्यांनी त्यासाठी तोडून आणल्या, त्या झाडांनाही तेच नाव पडले. त्या काळी हे नाव मिळालेले एक झाड, कॅलिकोमा, बाभळीच्या नात्यातले नव्हते. परंतु पुढे नाव सरकत सरकत अकेशिया या प्रजातीकडे गेले आणि तिथेच स्थिरावले. या प्रजातीत आज हजाराहून अधिक जाती गणल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या आहेत.

त्यांपैकी एक झुडूप मी न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरील माझ्या बागेत गेली काही वर्षे वाढवीत आहे. लोक त्याला ‘कोस्ट वॉटल’ म्हणतात. शास्त्रीय नाव अकेशिया लाँगिफोलिया, उपजाती सोफोरी. आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या आणि टास्मानियाच्या किनाऱ्यांवर, समुद्राच्या सर्वांत जवळच्या वाळूच्या टेकड्यांवर ते आपोआप उगवते. ला पेरूझ या बेपत्ता दर्यावर्दीच्या शोधात निघालेल्या फ्रेंच मोहिमेबरोबर लाबियार्दिएर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १७९२ आणि १७९३ मध्ये टास्मानियात आला होता. पुढे त्यानेच या झुडपाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला मिमोसा, म्हणजे आपल्या लाजाळूच्या, प्रजातीत बसवले.

लाजाळूशी असलेले हे नाते मोठ्या झुडपाकडे पाहून कोणाच्याही लक्षात येणार नाही. त्याची पाने जाडसर, हिरवीगार, बोथट टोकाची, साधारण बोटभर लांबीची आणि लांबीच्या दिशेने शिरा असलेली असतात. बाभळीसारखी बारीक पर्णिका नाही आणि काटाही नाही. बी रुजवून पाहिले म्हणजे उलगडा होतो. माझ्या कुंडीत उगवलेल्या पहिल्या रोपाला सुरुवातीची दोन-तीन पाने अगदी बाभळीसारखी, पिसासारखी आली. त्यानंतरच्या पानाच्या टोकाला पर्णिका होत्या, परंतु त्याचा देठ पट्टीसारखा चपटा झालेला होता. पुढच्या पानांत पर्णिका नाहीशा झाल्या आणि केवळ चपटा देठ उरला. म्हणजे आपण ज्याला पान समजतो तो वस्तुतः रुंदावलेला देठ आहे. शास्त्रात त्याला ‘फायलोड’ म्हणतात. महाराष्ट्रात रस्त्यांच्या कडेला आणि वनीकरणाच्या जमिनींवर लावलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशी कोयतीसारखी पाने ओळखीची असतील. ती याच प्रजातीतली दुसरी जाती आहे आणि तिचीही पाने म्हणजे देठच आहेत. बाभळीच्या नाजूक पर्णिकांपेक्षा हा जाड, मेणचट सालीचा देठ उन्हाचा, खाऱ्या तुषारांचा आणि वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूचा मारा अधिक चांगला सोसतो.

समुद्रकाठची वाळू ही झाडासाठी अतिशय कठीण जागा आहे. तिच्यात पाणी टिकत नाही, नत्र जवळजवळ नसतो आणि ती स्वतःही एका जागी राहत नाही. वॉटलने या तिन्ही गोष्टींशी जुळवून घेतले आहे. समोरच्या टेकडीवर, जिथे वारा थेट समुद्रावरून येतो, तिथे वाऱ्याकडील कोवळे शेंडे मिठाने करपतात आणि झुडूप जमिनीला धरून पसरते. थोडे आत, आडोशाला, तेच झुडूप दोन-तीन मीटर उंच होते. फांदीवर वाळू साचली तर गाडल्या गेलेल्या भागालाच मुळे फुटतात, त्यामुळे वाळू वर चढते तसे झुडूपही वर चढते आणि खालची वाळू मुळांच्या जाळ्यात अडकून राहते. नत्राची सोय मुळांवरच्या गाठींत असते. तूर किंवा हरभरा उपटल्यावर शेतकऱ्याला ज्या गाठी दिसतात, तशाच या गाठी आहेत. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. एकदा रोप कुंडीतून काढताना एक गाठ नखाने चिरून पाहिली, तेव्हा ती आतून फिकट गुलाबी निघाली. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी नाते असलेले एक द्रव्य तिथे असते आणि गाठ जिवंत असून काम करीत असल्याची ती खूण आहे.

दक्षिण गोलार्धात जुलै ते ऑक्टोबर हा हिवाळ्याचा उत्तरार्ध आणि वसंत असतो. महाराष्ट्रात आषाढसरी कोसळत असतात त्या दिवसांत इथे हे झुडूप पिवळ्या तुऱ्यांनी भरून जाते. तुरा बोटाच्या दोन पेरांएवढा. भिंगातून पाहिले तर तो असंख्य चिमुकल्या फुलांचा बनलेला दिसतो आणि त्याचा पिवळा रंग पाकळ्यांचा नसून पुंकेसरांचा असतो. या फुलांत मध नसतो. मधमाश्या येतात त्या परागासाठी. गोड रस पाझरतो तो पानाच्या बुडाशी, कडेला असलेल्या एका बारीक ग्रंथीतून, आणि तिथे मुंग्यांची ये-जा चाललेली असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा पिकतात, वळतात आणि उकलतात. आत काळे चकचकीत बी असते आणि त्याच्या टोकाला घड्या घातलेला पांढरट, मांसल देठ. या देठासाठीच मुंग्या बी ओढून नेतात. टास्मानियाचे मूळ रहिवासी शेंगा गरम राखेत भाजून आतले बी खात असत.

बी ताजे असो वा जुने, त्याचे कवच पाण्याला आत शिरू देत नाही. रानात ते वणव्याच्या धगीने तडकते. बागेत हेच काम उकळत्या पाण्याने करावे लागते. वाटीत बी घेऊन त्यावर उकळते पाणी ओतावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी जे बी फुगून दुप्पट झालेले असेल ते पेरावे. जे तसेच राहिले असेल त्याला पुन्हा एकदा गरम पाणी द्यावे. पेरणी बियाच्या जाडीएवढीच खोल, निचरा होणाऱ्या वाळूमिश्रित मातीत करावी. उंच कुंडी घ्यावी, कारण मूळ लवकर खाली जाते आणि उथळ कुंडीत गोल फिरू लागले की झुडूप पुढे वाऱ्यात उभे राहत नाही. वीतभर उंचीचे रोप जमिनीत लावणे सर्वांत चांगले. मोठे रोप आणून लावण्यात वेळ वाचल्यासारखा वाटतो, परंतु लहान रोप त्याला दोन वर्षांत मागे टाकते.

लागवड शरद ऋतूत, म्हणजे इथल्या एप्रिल-मे महिन्यांत करावी, म्हणजे हिवाळ्याच्या ओलीत मुळे रुजतात. जागा उघडी आणि उन्हाची हवी. पहिला उन्हाळा संपेपर्यंत आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे आणि नंतर हळूहळू सवय मोडावी. नत्राचे खत देऊ नये, आणि फॉस्फरसयुक्त खत तर नकोच. इथल्या निकस मातीत वाढलेल्या अनेक झाडांना ते सोसत नाही. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे जागा मोकळी ठेवावी, कारण हे झुडूप चार-पाच मीटरपर्यंत सहज पसरते. छाटणी फुलोरा संपताच करावी आणि ती कोवळ्या शेंड्यांपुरतीच असावी. एकदा मी वाटेवर आलेल्या फांद्या पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत मागे कापल्या. जास्वंदीप्रमाणे तिथून नवे फुटवे येतील अशी माझी समजूत होती. एकही डोळा फुटला नाही आणि झुडपाची ती बाजू कायमची वाळून गेली.

काही वर्षी फुलांच्या जागी हिरव्या, बोराएवढ्या, वेड्यावाकड्या गाठी येतात. ट्रायकिलोगॅस्टर नावाची काही मिलिमीटरची गांधीलमाशी कळ्यांत अंडी घालते आणि कळीचे रूपांतर गाठीत होते, अळ्या तिच्या आत वाढतात. बागेत अशा गाठी दिसताच त्या फांद्या काढून टाकाव्यात; झुडूप त्याने मरत नाही, परंतु फुलोरा कमी होतो आणि बी धरत नाही. दुसऱ्या एका देशाला मात्र याच माशीची गरज भासली. उडती वाळू थोपवण्यासाठी १९ व्या शतकात दक्षिण आफ्रिकेत अकेशिया लाँगिफोलिया नेऊन लावले गेले. तिथे ना ही माशी होती, ना बी खाणारे त्याचे इतर कीटक. झुडपाने किनारे आणि नदीकाठ व्यापले, तिथल्या फिन्बॉस या झुडुपी वनाला मागे सारले, आणि अखेर १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातून ही गांधीलमाशी नेऊन तिथे सोडण्यात आली. बियांचे उत्पादन त्यानंतर फार मोठ्या प्रमाणात घटले. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरही तीच अडचण उद्भवली आणि २०१५ मध्ये तिथेही हाच उपाय सुरू झाला.

याच्या नेमकी उलट घटना ऑस्ट्रेलियात घडली. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे ‘बिटू’ हे पिवळ्या फुलांचे झुडूप न्यू साउथ वेल्समध्ये १९४६ ते १९६८ या काळात वाळू धरण्यासाठी मुद्दाम लावले गेले आणि त्याने कोस्ट वॉटललाच त्याच्या स्वतःच्या टेकड्यांवरून हुसकावले. दोन किनारे, दोन झुडपे. प्रत्येक जण आपल्या घरी संयत आणि दुसऱ्याच्या घरी अनावर. भारताचाही या देवघेवीत वाटा आहे. आपली बाभूळ सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी क्वीन्सलँडमध्ये नेली गेली, आणि आज ती तिथल्या गवताळ मैदानांवर पसरलेले, राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीतले झाड आहे. तिचे जुने आडनावही तिच्याकडे राहिलेले नाही. २००५ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटासाठी राखून ठेवले आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत तो निर्णय कायम झाला. त्यामुळे बाभूळ आता व्हॅचेलिया नायलोटिका आणि खैर सेनेगालिया कॅटेचू झाला आहे.

म्हणून रोपवाटिकेत या झुडपावर ‘देशी’ अशी चिठ्ठी लावलेली दिसते, तेव्हा मला ती अपुरी वाटते. देश हा फार मोठा शब्द आहे. कोस्ट वॉटल ऑस्ट्रेलियाचे आहे हे खरे, पण त्याहून खरे म्हणजे ते समुद्रासमोरच्या वाळूचे आहे. व्हिक्टोरियात आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात ते किनाऱ्यापासून आत सरकून हीथ नावाच्या ठेंगण्या झुडपांच्या माळांवर पसरले, तेव्हा त्याच्या दाट सावलीखाली तिथली बारीक फुलझाडे नाहीशी होऊ लागली, आणि आता तिथे संवर्धनाचे काम करणारे लोक त्याला तण समजून उपटतात. ज्याची बाग खरोखर किनाऱ्यावर आहे त्याने हे झुडूप अवश्य लावावे, आणि शक्य असल्यास त्याच किनाऱ्यावर गोळा केलेल्या बियांपासून वाढवलेले रोप मागून घ्यावे. ज्याची बाग माळाला किंवा रानाला लागून आहे त्याने दुसरे झुडूप निवडावे. मेलबर्न-सिडनीकडील मराठी मंडळींनी कोकणातल्या वाडीसाठी याचे बी पाठवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोकणच्या किनाऱ्याकडे मर्यादवेल आहे, केवडा आहे, उंडी आहे. भरतीच्या रेषेपलीकडे मर्यादवेलीचे जांभळ्या फुलांचे जाळे ज्याने पाहिले आहे, त्याला वाळू धरण्यासाठी परदेशी झाडाची गरज पटवून देणे अवघड आहे.

वॉटल फार वर्षे जगत नाही. माझ्या बागेतले सर्वांत जुने झुडूप आता मध्यातून विरळ होत चालले आहे, त्याच्या बुंध्याच्या सालीवर खोडकिड्याचा भुसा दिसतो आणि समुद्राकडच्या दोन फांद्या वाळल्या आहेत. मी त्या कापलेल्या नाहीत, कारण त्यांच्या आडोशाला, वर्षानुवर्षे पडलेल्या पाल्याने काळसर झालेल्या वाळूत, किनारी बँक्शिया या इथल्याच झाडाची तीन रोपे उभी आहेत. ती मी लावलेली नाहीत; पलीकडच्या टेकडीवरच्या झाडांचे पंख असलेले बी वाऱ्याने इथवर आले असावे. त्यांतले सर्वांत उंच रोप आता गुडघ्याला लागते आणि त्याच्या नव्या पानांची खालची बाजू चांदीसारखी पांढरी आहे.