ओंजळभर बटाटे म्हणजे तीन

माझी सव्वातीन वर्षांची भाची वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणते. पाहुणे आले की सोफ्यावर चढून कार्यक्रम होतो. परवा आजी तिला म्हणाली, "टोपलीतले तीन बटाटे दे गं." तिने ओंजळीत मावले तेवढे आणून दिले. "किती आहेत?" एकेकावर बोट ठेवत तिने मोजले, अगदी बरोबर, सहापर्यंत. "मग किती झाले?" तर पुन्हा सुरुवात: "एक, दोन, तीन…"

आजीला वाटलं, पोरगी मस्करी करतेय. तसं नव्हतं. तिच्या लेखी आकडे अजून शुभंकरोतीसारखे आहेत, ओळीने म्हणायचे. शेवटी उच्चारलेला 'सहा' म्हणजे तो सगळा ढीग, हे तिला उमगलेलं नाही.

मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी 1990च्या सुमारास मुलांकडून असंच मागून पाहिलं. दहापर्यंत मोजणारी मुलंही 'तीन दे' म्हटल्यावर मूठभर वस्तू देत. आधी फक्त 'एक' पक्का होतो. काही महिन्यांनी 'दोन', मग तसाच रखडत 'तीन'. आणि त्यानंतर, बहुधा चौथ्या वाढदिवसाच्या आगेमागे, कोडं सुटतं. मग पाच, सहा, सात वेगळे शिकवावे लागत नाहीत.

गंमत म्हणजे संख्येची जाण शब्दांच्या कितीतरी आधीची. विन यांनीच 1992 साली पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक बाहुली ठेवली, पडदा लावला, बाळाच्या देखत मागे दुसरी सरकवली. पडदा हटल्यावर एकच बाहुली दिसली, तर बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहिली. ही बेरीज म्हणायची का, यावर वाद आहे. पण काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं, असं मला तरी वाटतं.

मराठी मुलांपुढे आणखी एक घाट असतो. 27 लिहिताना आधी दोन, म्हणताना आधी सात. चिनीत अकरा म्हणजे सरळ 'दहा-एक', आणि तिथली मुलं हा टप्पा अमेरिकी मुलांपेक्षा लवकर ओलांडतात असं आढळलंय. 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' आलं, तेव्हा केवढी टिंगल झाली! समितीच्या प्रमुख गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत राहिल्या. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं.

भाचीचा मोठा भाऊ पहिलीत आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद त्याने पार केले. परवा अठ्ठ्याण्णवनंतर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "एकोणशंभर." आम्ही हसलो. तो चिडला, "मग एकोणनव्वद कसं चालतं?"