बारीक माणसाच्या पोटातली सूज

हल्ली चेकअपच्या पॅकेजमध्ये सीआरपीची टेस्ट बऱ्याचदा असते. सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, शरीरात आतून सूज (इन्फ्लमेशन, बाहेरून दिसेलच असं नाही) असली की रक्तात वाढणारं प्रोटीन. त्याची गोष्ट सुरू होते १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात हे प्रोटीन सापडलं, माणूस तापाने फणफणला की वाढायचं आणि बरा झाला की गायब, म्हणून पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांसाठी सीआरपी म्हणजे इन्फेक्शन नाहीतर संधिवात, एवढंच.

चित्र बदललं नव्वदच्या दशकात. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीतच सूज वाढवणारं रसायन सापडलं, म्हणजे चरबी नुसती साठून पडलेली नसते, ती रक्तात काहीबाही सोडत असते! मग १९९७ मध्ये अमेरिकेतल्या पॉल रिडकर यांनी धडधाकट पुरुष डॉक्टरांचं आधीच साठवून ठेवलेलं रक्त तपासलं, तर ज्यांचा सीआरपी सगळ्यात जास्त होता त्यांना पुढच्या काही वर्षांत हार्ट अटॅकचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला. ताप नाही, दुखणं नाही, आत मात्र बारीक सूज धुमसतेय.

आणि यात आपलं पुणं आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन पळायचे आणि याज्ञिकांनी स्वतःबद्दल लिहिलं की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती गाठणं. अर्थात सगळा दोष बैठ्या कामाचा नाही, पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्याच टीमने दाखवलं की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला कितीतरी कमी, तरी अंगात चरबी धरूनच जन्माला येतात. त्यामुळे "मी तर बारीक आहे, मला काय होतंय" हे आपल्याकडे चालत नाही, वजनकाट्यापेक्षा कंबरेला टेप लावलेली बरी.

२०१७ मध्ये कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त सूज कमी करणारं इंजेक्शन दहा हजारांवर हृदयरोग्यांवर तपासलं, अटॅक, स्ट्रोक वगैरे साधारण १५ टक्क्यांनी घटले, म्हणजे सूज हे नुसतं लक्षण नाही हे पक्कं झालं. पण जीवघेणी इन्फेक्शन्स थोडी वाढली आणि औषध प्रचंड महाग, म्हणून सरसकट कोणी देत नाही. सिगरेट सोडणं, पोट उतरवणं, नियमित चालणं, पुरेशी झोप, सूज उतरवायला बहुतेकांच्या हातात आज हेच आहे.