केळ्यांचा घरगुती केक (खान्देश)

पिकलेल्या केळ्यांचा गर, मैदा किंवा कणीक, साखर अथवा गूळ, तेल किंवा तूप आणि खाण्याचा सोडा एकत्र करून भाजलेला साधा गोड पदार्थ. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर या केळी पिकवणाऱ्या तालुक्यांत तो बागेतून आणलेल्या केळ्यांचा करता येतो. हा पदार्थ मूळचा येथला नाही. सोडा आणि बेकिंग पावडर घरोघरी पोहोचल्यावर १९३० च्या दशकात तो अमेरिकेत रूढ झाला. भाजण्याची कला मात्र खान्देशाला नवी नव्हती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत बट्टी, काड्यांच्या जाळावर भरताचे वांगे आणि खापरावर पुरणपोळी भाजणाऱ्या घरांना मंद आच सांभाळण्याचे कसब शिकवावे लागत नाही.

फळ आणि त्याचे पिकणे : जळगावच्या केळ्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तापीकाठच्या काळ्या जमिनीत जूनच्या सुमारास लावलेली मृगबाग आणि पावसाळ्याच्या अखेरीस लावलेली कांदेबाग असे लागवडीचे दोन प्रमुख हंगाम आहेत. पूर्वी बसराई आणि श्रीमंती या जाती अधिक होत्या. आता उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांपासून वाढवलेली ग्रँड नैन सर्वत्र दिसते. केळीचा घड झाडावर पिकू देत नाहीत. फळाच्या कडा गोलावू लागल्या, म्हणजे ते साधारण तीन चतुर्थांश भरले, की घड हिरवाच कापतात. अशा फळाच्या गरात सुमारे २० टक्के पिष्ट असते, चव तुरट लागते आणि देठाच्या चिकाने कपड्यावर पडलेला डाग सहसा जात नाही.

म्हणून बागेतून त्याच दिवशी कापून आणलेल्या केळ्यांचा केक होत नाही, ही बाब येथे मुद्दाम सांगावी लागते. कापल्यानंतर फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पिकण्याची क्रिया वेग घेते, पिष्टाची साखर होते, तुरटपणा जातो आणि सुगंध येतो. घरी फण्या गोणपाटात गुंडाळून, शक्य तर एखाद्या पिकलेल्या फळासोबत, काही दिवस ठेवतात. सालीवर तपकिरी ठिपके दाट झाले आणि गर बोटाने सहज दबू लागला, म्हणजे फळ केकसाठी तयार झाले. खाण्यासाठी बाजूला सारलेले अतिपक्व केळेच येथे सर्वांत उपयोगी ठरते.

वैशाखात या खुणेवर विसंबून चालत नाही. पारा ३० अंशांच्या बराच पुढे गेला की ग्रँड नैनसारख्या केळ्यांची साल पिवळी न होता हिरवट राहते आणि आतला गर तेवढ्यात मऊ होऊन जातो. रंगाची वाट पाहणाऱ्याच्या हाती शेवटी आंबलेला गर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात वास आणि स्पर्श यांवरूनच निर्णय घ्यावा.

कृती : तीन मध्यम केळ्यांचा गर (सुमारे ३०० ग्रॅम) हाताने कुस्करून त्यात १०० ग्रॅम गूळ किंवा साखर, अर्धी वाटी दही आणि अर्धी वाटीहून थोडे कमी तेल मिसळतात. दीड वाटी मैदा किंवा कणीक, एक छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड वेगळी चाळून घेतात व शेवटी ओल्या मिश्रणात हलकेच कालवतात. फार घोटल्यास पिठातील चिवटपणा वाढून केक रबरासारखा होतो. दही व केळे यांच्या आम्लाशी सोड्याचा संयोग होताच वायू सुटू लागतो, म्हणून मिश्रण कालवून ठेवून देऊ नये. अंडे नसले तरी गरामुळे मिश्रण बांधले जाते. वरून सातपुड्यातील चारोळी किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट घालता येते. शेंगदाणे या चवीला अधिक साजतात.

ओव्हन असल्यास १८० अंश सेल्सिअसवर सुमारे ४५ मिनिटे लागतात. नसल्यास जाड बुडाच्या कढईत मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर देऊन त्यावर तिवई ठेवतात, झाकण घालून दहा मिनिटे तापवतात आणि मग तूप लावलेला डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास भाजतात. पहिली ३० मिनिटे झाकण उघडू नये. उघडल्यास मधला भाग खाली बसतो. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली की केक झाला. गुळाचा केक साखरेच्या केकपेक्षा गडद होतो आणि सोडा जास्त पडला तर रंग आणखी काळपट होऊन साबणासारखी चव येते. पूर्ण निवण्याआधी कापल्यास सुरीला ओलसर गर चिकटतो व वड्या मोडतात.

इतर फळे : नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याकडील पपईचा गर पाणीदार असल्याने तो आधी आटवून घ्यावा लागतो. सीताफळ मात्र या कामी वापरू नये, कारण त्याचा गर तापवल्यावर कडवट होतो.

टिकाऊपणा : फळाच्या ओलाव्यामुळे हा केक हिवाळ्यात तीन दिवस मऊ राहतो. उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवशीच संपवावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा.