जुन्या बोटीचं इंजिन बदलताना: खर्च नेमका कुठं होतो

एप्रिल-मे आला की आमच्याकडं एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात: "पंचवीस एचपीचं इंजिन कितीला बसतंय?" करवीर-शिरोळच्या ग्रामपंचायती, तालमी-मंडळांची रेस्क्यू पथकं, धरणावर मासेमारी करणाऱ्या संस्था, बोटिंग चालवणारे, सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. त्यावर आम्ही उलट दोन प्रश्न विचारतो. बोट किती जुनी आहे? आणि वर्षातनं किती तास चालते? हे का विचारतो, ते या पत्रकात लिहिलं आहे.

इंजिनाची किंमत मुद्दाम छापलेली नाही. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून टांगायची इंजिनं बहुतेक बाहेरच्या देशांतून येतात, त्यामुळं रुपयाचा दर आणि आयात शुल्क यांच्यासोबत किंमत हलते. मार्चमध्ये छापलेला आकडा जुलैत दाखवून कुणी भांडायला आलं, तर दोघांचाही वेळ जातो. किंमत दरपत्रकात लेखी मिळेल, मुदतीसह. इथं त्या किमतीच्या पलीकडच्या खर्चाबद्दल सांगतो, कारण बजेट कोलमडतं ते तिथंच.

आधी हे बघा: इंजिन खरंच गेलंय का?

पुरासाठी ठेवलेल्या बोटीचं इंजिन वर्षातले अकरा महिने शेडमध्ये उभं असतं. टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल तसंच राहतं, उडून जातं आणि मागं चिकट थर राहतो. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं, म्हणजे जेट, बुजतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की बोट बाहेर काढतात, दोरी ओढून ओढून हात दुखतात आणि "इंजिन गेलं" असं जाहीर होतं. अशी कित्येक इंजिनं कार्ब्युरेटर साफ केला, प्लग आणि इंपेलर बदलला की चालू होतात. त्याला नव्या इंजिनाच्या किमतीचा अगदी लहानसा भाग लागतो.

इंपेलर म्हणजे इंजिनाच्या पाय म्हणतात त्या, पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात बसवलेला रबरी पंखा. तो नदीचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो. पुराचं पाणी गढूळ, त्यात बारीक वाळू. रबर घासून जातं. त्यात जलपर्णी, उसाचं पाचट आणि प्लास्टिक पाणी ओढायच्या जाळीवर बसलं की पाणी येणंच बंद होतं. इंजिनाच्या बाजूनं पडणारी पाण्याची धार बारीक झाली किंवा थांबली, तर त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. "एवढी एक फेरी मारून येतो" म्हणून गेलेली इंजिनं पुढं आमच्याकडं जाम होऊन येतात.

आम्ही आधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजतो. दोन सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर आतमध्ये झीज आहे असं समजून पुढचा हिशेब करतो. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलं आहे. ते बदलता येतं, घाबरू नका. सिलिंडरला ओरखडे, गिअरच्या कवचाला तडा किंवा सुटे भागच मिळत नाहीत अशी स्थिती असेल, तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो. इविनरूड या कंपनीच्या इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. ती इंजिनं चांगली चालतात, पण आता मोठा भाग गेला तर शोधाशोध आली. ब्रॅकेट, बूश, बोल्ट असल्या गोष्टी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत हुबेहूब करून मिळतात. गिअर आणि इंपेलर मात्र मूळ कंपनीचेच घ्या.

मागची फळी: खरा खर्च इथं लपलेला असतो

इंजिन ज्या फळीवर टांगतात तिला ट्रान्सम म्हणतात. जुन्या फायबर बोटीत बाहेरून फायबर दिसतं, पण आत प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांमधून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपतं आणि प्लाय आतल्या आत कुजतं. वरून रंग दिलेला असतो, कुणाला कळत नाही. नवं, जड इंजिन बसवून पूर्ण ताकद दिली की ती फळी मागं ओढली जाते आणि तडा जातो. पुराच्या धारेत, माणसं भरलेली असताना हे व्हावं अशी आमची कुणाबद्दलही इच्छा नाही.

तपासणी तुम्हीही करू शकता. लाकडी हातोड्यानं फळीवर ठिकठिकाणी ठोका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर शंका घ्या. जुनं इंजिन अजून बसलेलं असेल तर त्याचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा आणि फळी वाकते का ते दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. आम्ही आतल्या बाजूनं एक छोटं भोक पाडतो. ओला, काळपट भुसा निघाला की निकाल लागला.

मग फळी नव्यानं बांधावी लागते. आतलं फायबर कापून कुजलेलं प्लाय काढायचं, आतला भाग पूर्ण वाळवायचा, मरीन प्लायचे दोन थर रेझिनमध्ये बसवायचे, वरून फायबरची मॅट चढवायची. मजुरी आहेच, पण जास्त वेळ वाळवण्यात जातो आणि जूनच्या दमट हवेत तो आणखी वाढतो. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये आणा. मृग लागल्यावर बोट दारात आणून "आठ दिवसांत द्या" म्हणालात, तर आम्ही नाही म्हणू.

रबरी बोटीची गोष्ट वेगळी. तिथं फळी नळ्यांना चिकटवलेली असते आणि पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्यात तो चिकटा सुटतो. पीव्हीसी आणि हायपेलॉन या दोन्ही कापडांना वेगवेगळा चिकटा लागतो. बोट कुठल्या कापडाची आहे हे कागदावर नसेल तर आधी विचारा. चुकीचा चिकटा वापरून केलेली दुरुस्ती पहिल्याच ताणात सुटते.

वजन आणि पायाची लांबी

जुनं २५ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण ५० किलोचं असतं. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक मॉडेलनुसार ६० ते ८० किलो भरतं. ४० एचपीला हाच फरक ७०-७५ विरुद्ध ९५-१०० किलो असा होतो. लहान बोटीच्या शेपटीवर हे वाढीव वजन आलं की मागची कड पाण्याजवळ येते. पूरग्रस्तांना चढवताना सगळे एकाच बाजूला येतात, तेव्हा कडेची ही दोन-चार बोटांएवढी उंची महत्त्वाची ठरते. बोटीवर क्षमतेची पट्टी असेल तर तिच्यावरच्या एचपीच्या वर आम्ही इंजिन बसवत नाही. पट्टी निघून गेली असेल तर लांबी-रुंदी मोजून बोलू.

इंजिनाचा पाय आखूड म्हणजे १५ इंची आणि लांब म्हणजे २० इंची, असे दोन मुख्य प्रकार. फळीच्या वरच्या कडेपासून सरळ खाली तळापर्यंत टेप लावा, तेवढा पाय हवा. लांब फळीला आखूड पाय लावला तर बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) हवा घेतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. आखूड फळीला लांब पाय लावला तर तो खाली लोंबतो आणि बुडालेल्या बांधावर, तारेच्या कुंपणावर आदळतो. स्वस्तात मिळालं म्हणून चुकीच्या पायाचं इंजिन घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. मापाचा फोटो पाठवा, फुकट सांगतो.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

इथं तासांचा हिशेब येतो. २५ एचपी इंजिन पूर्ण ताकदीनं चालवलं तर तासाला साधारण ९-१० लिटर पेट्रोल जातं, टू-स्ट्रोकमध्ये त्याहून जास्त. फोर-स्ट्रोकनं तासाला ३ लिटर वाचतात आणि लिटरला शंभर रुपये पडतात असं धरा. पुराची बोट वर्षाला ४० तास चालली तर बचत १२ हजार. बोटिंगची बोट ४०० तास चालली तर बचत १ लाख २० हजार. दुसऱ्या गिऱ्हाईकानं डोळे झाकून फोर-स्ट्रोक घ्यावं. पहिल्याला आम्ही टू-स्ट्रोक मिळत असेल तर तेच सुचवतो: हलकं, दोघांना उचलता येणारं, गावातल्या मिस्त्रीलाही समजणारं. काही विक्रेत्यांना हे पटत नाही.

पुराच्या बोटीला दोरीनं सुरू होणारं इंजिनच घ्या, बटण असलं तरी दोरी हवीच. अकरा महिने पडून राहिलेल्या बॅटरीवर कुणाचा जीव सोपवू नये.

दरपत्रकात न दिसणाऱ्या गोष्टी

हातानं वळवायचं इंजिन असेल तर खर्च तिथंच संपतो. स्टीअरिंग आणि रिमोटची, म्हणजे पुढं बसून इंजिन चालवायची बोट असेल, तर कंपनी बदलली की कंट्रोल बॉक्स, केबल आणि वायरिंग सहसा बदलावं लागतं. पेट्रोलच्या नळीचे कनेक्टरही कंपनीनुसार वेगळे असतात, म्हणून जुनी टाकी चालेल असं गृहीत धरू नका. जुन्या बोल्टची भोकं नव्या इंजिनाला जुळली नाहीत तर ती इपॉक्सीनं बुजवूनच नवी पाडायची, नाहीतर फळी कुजण्याचा कार्यक्रम पुन्हा सुरू.

पंखा ॲल्युमिनियमचाच घ्या आणि एक जादा ठेवा. स्टीलचा पंखा कुंपणावर आपटला तर धक्का थेट गिअरला जातो. ॲल्युमिनियमची पाती वाकून गिअर वाचवतात. रेस्क्यू बोटीला पंख्याभोवती जाळीचा गार्ड लावा. वेग थोडा कमी होतो, पण पाण्यात माणसं असतात. चालकाच्या मनगटाला बांधायची दोरीही हवी; तो पाण्यात पडला की तिच्यामुळं इंजिन बंद होतं. या दोन्हींवर आम्ही सूट देत नाही आणि त्या वगळूनही देत नाही.

पेट्रोलबद्दल

आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांची पुस्तकं १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी महिनोन्महिने पडून राहिली तर तळाशी पाणी वेगळं होतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. इंजिन बदलताना नळी आणि प्रायमर बल्ब (हातानं दाबून पेट्रोल पुढं ढकलायचा रबरी फुगा) नवे टाका, मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, पूर ओसरला की टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करा. काढलेलं पेट्रोल मोटारसायकलमध्ये घाला, वाया जात नाही. फक्त टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असेल तर घालू नका.

कोकणातलं सेकंडहँड इंजिन

मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरीकडून जुनं इंजिन आणणारे बरेच आहेत. वाईट सौदा असतोच असं नाही, पण ते खाऱ्या पाण्यात चाललेलं असतं. आतल्या वाटांत मीठ साचतं, थर्मोस्टॅट अडकतो, बोल्ट गंजून खोलताना तुटतात. पैसे देण्याआधी कव्हर काढून बघा. पांढरी पावडर आणि फुगलेला रंग दिसला तर परत या. घेतलंत तर झिंकचे अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) काढून मॅग्नेशियमचे किंवा ॲल्युमिनियमचे लावा, गोड्या पाण्यात झिंक नीट काम करत नाही. जुन्या मालकाचं बिल जरूर घ्या. प्रवासी बोटीच्या नोंदणीत इंजिन क्रमांक बदलून घ्यावा लागतो आणि तेव्हा तो कागद मागतात.

आमचे दर

तपासणी १,००० रुपये, कोल्हापूर शहराबाहेर प्रवासखर्च वेगळा. काम आमच्याकडं दिलंत तर हे हजार बिलातून वजा होतात. हातानं वळवायचं जुनं इंजिन उतरवून नवं बसवणं ३,५०० रुपये, रिमोटचं ८,५०० रुपये. यात केबल आणि सुटे भाग नाहीत. फळीचं काम बघितल्याशिवाय आकडा देत नाही. चाचणी तुमच्याच पाण्यात, नेहमीइतकी माणसं बसवून घेतो, कारण रिकाम्या बोटीवर जुळवलेला पंखा भरल्या बोटीला जड जातो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) कमी पडले तर पंखा एकदा बदलून देतो. फोर-स्ट्रोकला पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं असतं, त्याची मजुरी घेत नाही.

येताना बोटीचा मागून काढलेला फोटो, फळीची उंची, जुन्या इंजिनावरची नंबरप्लेट आणि वर्षातल्या तासांचा अंदाज एवढं आणा. ग्रामपंचायतींना तीन दरपत्रकं लागतात हे माहीत आहे; आमचं एक देऊ, उरलेली दोन तुम्ही दुसरीकडून आणा. एकाच माणसानं तीन लेटरहेडांवर लिहून देण्याचं काम आम्ही करत नाही.