ऋतुसंधीचं जॅकेट: पाऊस अडवायचा की घाम सोडायचा?

कडाक्याच्या थंडीसाठी जॅकेट निवडणं त्यामानाने सोपं असतं. खरी पंचाईत होते ती ऋतू बदलताना. सकाळी ६ अंश, दुपारी १९, मध्येच बोचरा वारा, तासभर भुरभुर, पुन्हा ऊन. अशा दिवशी अंगावरच्या कापडाकडून आपण दोन परस्परविरोधी कामं मागतो: बाहेरचं पाणी आत येऊ नये आणि आतला घाम बाहेर पडावा. गेल्या दोनशे वर्षांत जॅकेटचं कापड जितक्या वेळा बदललं, तितक्या वेळा यांतलं एक काम सुधारलं आणि दुसरं कुठेतरी अडलं. आज लेबलांवर दिसणारे आकडे याच ओढाताणीतून आले आहेत.

कारखाने येण्याच्या कितीतरी आधी आर्क्टिक किनाऱ्यावरच्या इनुइट, युपिक आणि अल्यूट लोकांनी या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर शोधलं होतं. सील किंवा वॉलरसची आतडी स्वच्छ करून, फुगवून, वाळवून त्यांच्या पट्ट्या शिवल्या की हलका, पाणी न शिरणारा अंगरखा तयार होई. धागा प्राण्यांच्या स्नायुबंधाचा असे. तो भिजला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. शिवण हीच पावसाळी कपड्याची सगळ्यात कच्ची जागा असते, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

युरोपातल्या उद्योगाला ते महागात पडून कळलं. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये पेटंट घेतलं: डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळवायचं आणि दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर द्यायचा. पाणी अडलं, पण हे कोट थंडीत ताठ होत, उन्हात चिकट होत, त्यांना उग्र वास येई आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपे. लोकरीतल्या नैसर्गिक तेलाने रबरही खराब होई. १८४०च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि ब्रिटनमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची रीत आणली, तेव्हा चिकटपणा आणि ताठपणा आटोक्यात आला. घामाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. रबराच्या थरातून बाष्प जवळजवळ जातच नाही. त्यामुळे चढावर चालणारा माणूस पावसाने भिजायचा वाचे आणि स्वतःच्या घामाने ओलाचिंब होई.

पुढची उडी विणकामातून आली. बेसिंगस्टोकच्या थॉमस बर्बेरीने १८७९ मध्ये गॅबर्डिन तयार केलं आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याने कापडावर थर चढवला नाही. सूतच आधी जलरोधक केलं आणि मग ते घट्ट तिरकस विणीत विणलं. वारा थोपवला जाई, हलका पाऊस ओघळून जाई आणि विणीतून बाष्प बाहेर पडे. संततधारेत ते शेवटी भिजे, पण ऋतुसंधीच्या हवेत वारा आणि तुरळक सरींचा त्रास मोठा असल्यामुळे ते फार उपयोगी ठरलं. दक्षिण ध्रुवावर जाणाऱ्या अमुंडसेनच्या मोहिमेने गॅबर्डिन वापरलं. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर आणि सर्वांत वर गॅबर्डिन होतं.

सुती कापडाची कमाल गाठली गेली ती दुसऱ्या महायुद्धात. गोठणाऱ्या समुद्रात पडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने लांब धाग्याच्या कापसापासून व्हेंटाइल हे अतिशय घट्ट विणीचं कापड बनवलं. पाणी लागताच त्यातले तंतू फुगतात आणि विणीतली छिद्रं आपोआप आवळतात. भिजल्यावर ते जड आणि कडक होतं, वाळायलाही वेळ घेतं; पण कोरडं असताना त्याच्याइतकं शांत आणि हवेशीर कापड क्वचितच मिळतं.

त्याच युद्धात अमेरिकी सैन्याने एम-१९४३ जॅकेट आणलं. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातली सर्वांत महत्त्वाची कल्पना त्यात आहे, आणि ती कुठल्या नव्या पदार्थाची नाही. बाहेरचा थर फक्त वारा अडवणारा आणि पातळ ठेवायचा; ऊब हवी तर आत वेगळा थर घालायचा. एकच जॅकेट वेगवेगळ्या हवेत चाललं पाहिजे, ही त्यामागची गरज. वारा अडवण्याला इतकं महत्त्व का, याचं मोजमापही तेव्हाचंच: पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकात पाणी गोठायला लागणाऱ्या वेळावरून वाऱ्याने होणाऱ्या उष्णतेच्या हानीचा अभ्यास केला आणि १९४५ मध्ये तो प्रसिद्ध केला. २००१ मध्ये सुधारलेल्या सूत्राप्रमाणे ५ अंश तापमानात ताशी ३० किमी वारा असेल, तर उघड्या त्वचेला ० अंशाइतकी थंडी जाणवते. म्हणून शंभरेक ग्रॅम वजनाचं साधं विंडचीटर अशा दिवसांत जाड स्वेटरपेक्षा जास्त कामाला येतं.

नायलॉनने हे विंडचीटर खिशात मावण्याइतकं छोटं केलं. आतल्या थराची क्रांती फ्लीसने केली. मॅसेच्युसेट्सच्या माल्डन मिल्सने पॉलिएस्टरचं लवदार कापड सुधारत नेलं आणि १९८५ मध्ये पॅटागोनिया या कंपनीने ते सिंचिला नावाने बाजारात आणलं. पॉलिएस्टरचा तंतू स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही. म्हणून फ्लीस पिळून झटकलं की लवकर वाळतं आणि दमट असतानाही बरीच ऊब टिकवतं. पिसांचं जॅकेट भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि मधली हवा निघून जाते. हवा ओली आणि ० अंशाच्या वर असेल, तर पिसांवर भरवसा ठेवू नये.

आता सर्वांत गाजलेलं वळण. १९६९ मध्ये बॉब गोर हा अमेरिकी अभियंता टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणत होता आणि त्या तुटत होत्या. एक कांडी त्याने झटक्यात ओढली, तर ती मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणली गेली आणि आत असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. त्यापासून बनलेला पडदा म्हणजे गोर-टेक्स; १९७६ पासून त्याच्या वस्तू विकल्या जाऊ लागल्या. छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा खूपच लहान आणि बाष्पाच्या रेणूपेक्षा खूपच मोठी. सुरुवातीच्या जॅकेटांना मात्र दगा दिला तो शरीराच्या तेलाने. घामातलं तेल पडद्यात मुरलं की पाणी झिरपू लागे. त्यावर पुढच्या पिढीत पडद्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा तेलरोधक थर आला आणि शिवणींवर उष्णतेने चिकटवलेली पट्टी आली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ऋतुसंधीच्या जॅकेटची निवड तिच्यावरच ठरते. पडदा घाम ढकलत नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे बाष्प आपलं आपण बाहेर जातं. जॅकेटच्या आत ३० अंशाची घामट हवा असेल, तर तिचा बाष्पदाब सुमारे ४.२ किलोपास्कल. बाहेर ० अंश असेल आणि हवा बाष्पाने भरलेली असेल, तर तिथे ०.६, फरक ३.६. तोच पाऊस २० अंशाला पडत असेल, तर बाहेरचा दाब २.३ आणि फरक जेमतेम १.९. म्हणजे उबदार पावसात महागडा पडदाही जवळपास निम्म्या जोराने काम करतो, आणि नेमका तेव्हाच घाम जास्त येतो. मग उपाय उरतो तो हवा खेळती ठेवण्याचा: काखेतल्या लांब चेनी, दोन्ही टोकांकडून उघडणारी पुढची चेन, मनगटावर सैल करता येणारी पट्टी. काखेत चेन नसलेल्या जॅकेटपेक्षा चेन असलेलं, थोडं कमी आकड्यांचं जॅकेट या काळात बरं.

दुसरी नेहमीची तक्रार असते, ‘जॅकेट गळतं’. बरेचदा ते गळत नसतं. बाहेरच्या कापडावरचा पाणी ओघळवणारा लेप खांद्यावर आणि बाह्यांवर घासून जातो, कापड पाणी पितं, त्यावर पाण्याचा थर बसतो आणि बाष्पाची वाट अडते. कापड गार पडल्याने आत घाम साचतो. ओळखण्याची खूण सोपी: कोरड्या जॅकेटवर पाणी शिंपडा, थेंब गोळा होऊन घरंगळले तर लेप शाबूत आहे, डाग गडद होत पसरला तर नाही. अशा वेळी कपड्यांच्या सॉफ्टनरशिवाय, जलरोधक कपड्यांच्या साबणाने धुवा, दोनदा खळबळा आणि लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरच्या मंद उष्णतेवर वीसेक मिनिटं फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा बराचसा ताळ्यावर येतो. नाहीच आला तर नवा लेप लावावा.

या लेपाचाही इतिहास आता बदलतो आहे. जुन्या लेपांतली फ्लोरीनयुक्त रसायनं, म्हणजे पीएफएएस, निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. त्यांतल्या पीएफओए या रसायनाला २०१९ मध्ये, टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत टाकलं गेलं आणि कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांतली पीएफएएस रसायनं बंद केली. फक्त अतिपावसाच्या कपड्यांना २०२८ पर्यंत मुभा आहे. फ्लोरीनविरहित लेप पाणी चांगलं अडवतो, पण तेल अडवत नाही. म्हणून नवं जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं, आणि ते न धुणं हेच बिघाडाचं मोठं कारण असतं.

लेबल वाचताना १०,००० मिमी म्हणजे कापड पाण्याच्या इतक्या उंच स्तंभाचा दाब सोसतं एवढंच. साध्या पावसाला ते पुरतं. जड पिशवीचे पट्टे खांद्यावर दाबत असतील तर २०,००० च्या आसपास बघावं. दिवसभरात कापडातून किती बाष्प बाहेर जातं ते सांगणारे ग्रॅममधले आकडे चाचणीची पद्धत एकच असेल तरच एकमेकांशी ताडावेत. आरईटी, म्हणजे बाष्पाला कापडाचा किती अडथळा होतो तो आकडा, दिला असेल तर कमी तितका चांगला: ६ पेक्षा कमी उत्तम, २० च्या वर घाम अडणारच. पॉलियुरेथेनचा लेप असलेलं स्वस्त जॅकेट दमट कपाटात घडी करून ठेवलं की आतून चिकट होऊन सोलवटतं. ते हँगरला टांगून ठेवावं. आणि अंगात घालून बघताना आत पातळ फ्लीस असू द्या, दोन्ही हात डोक्यावर न्या, मान वळवा: कमरेचा काठ वर सरकला नाही, मनगट उघडं पडलं नाही आणि हूड मानेबरोबर वळला, तर माप बरोबर आहे.