मास्लोचा त्रिकोण मास्लोने काढलाच नव्हता

जळगाव एमआयडीसीतला चटईचा कारखाना असो की दालमिल, सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात फळ्यावर माणसाच्या गरजांचा तो त्रिकोण हमखास येतो. तळाला भूक, मग सुरक्षितता, आपुलकी, मान आणि टोकाला आत्मविकास. त्यावरून सांगतात, ‘आधी पगाराचं बघा, मानाचं नंतर.’

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांच्या १९४३च्या मूळ लेखात त्रिकोणच नाही; तो पुढे व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी रूढ केला. उलट, एक गरज शंभर टक्के भागल्यावरच पुढची जागी होते हा समज चुकीचा आहे, असं त्यांनी तिथेच लिहिलंय. समजावण्यापुरते आकडेही दिलेत: सामान्य माणसाची भूक ८५ टक्के भागलेली, सुरक्षितता ७०, आपुलकी ५०, मान ४०, आत्मविकास १०. म्हणजे सगळ्याच गरजा एकाच वेळी अर्धवट! क्रमही सगळ्यांचा सारखा नसतो.

पगार वेळेवर हवाच, त्यात तडजोड नको. पण मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला, ऑर्डरची तारीख ठरवण्याआधी, ‘भाऊ, किती दिवस लागतील?’ असं विचारायला पगारवाढीपर्यंत कशाला थांबायचं? मशीन कुठे अडतं, हे त्यालाच ठाऊक असतं.